रिकामे पॅनल आणि यंत्रावरचा ठपका

संगणकयंत्रणा आपल्या कारभाराचा जो रोजनामा क्षणोक्षणी लिहीत असते तो लॉग; आणि शेकडो सर्व्हरांवरचे असे रोजनामे एका ठिकाणी जमवून, त्यांची अनुक्रमणिका बांधून, हवी ती नोंद हुडकून देणाऱ्या प्रणालींत, २००३ साली स्थापन झालेल्या आणि २०२४ मध्ये सिस्कोने सुमारे २८ अब्ज डॉलरांना विकत घेतलेल्या स्प्लंकचे स्थान अग्रगण्य आहे. स्प्लंकमधील शोधांची उत्तरे तक्ते आणि आलेखांच्या चौकटींत, म्हणजे पॅनलांत, मांडणाऱ्या डॅशबोर्डावरील एखादे पॅनल रिकामे दिसले किंवा त्यातला आकडा विपरीत वाटला, की ठपका प्रथम यंत्रावर येतो. वस्तुतः बहुतेक प्रसंगी यंत्राने विचारलेल्या प्रश्नाचेच अक्षरशः उत्तर दिलेले असते, आणि दोष असतो तो प्रश्नाच्या मुदतीत, विचारणाऱ्याच्या अखत्यारात किंवा उत्तरावरच्या मर्यादेत. या संबंधातील पाच रूढ गैरसमजांचा येथे परामर्श घेतला आहे.

गैरसमज १ : पॅनल रिकामे, म्हणजे नोंदी आल्याच नाहीत.

वस्तुस्थिती : प्रत्येक नोंदीला दोन काळ असतात, एक घटना घडल्याचा आणि दुसरा ती दप्तरी दाखल झाल्याचा. डॅशबोर्डाची मुदत सामान्यतः पहिल्या काळाला लागू होते, आणि घोटाळा होतो तोही तेथेच. लॉगमधल्या वेळेपुढे कालविभाग लिहिलेला नसेल आणि कॉन्फिगरेशनमध्येही तो सांगितलेला नसेल, तर स्प्लंक नोंद पाठवणाऱ्या किंवा स्वीकारणाऱ्या सर्व्हरचाच कालविभाग गृहीत धरते. भारतात दुपारी बारा वाजता घडलेली घटना यूटीसी मानाने ०६:३० अशी लिहिली गेली आणि ती भारतीय वेळ समजली गेली, तर ती साडेपाच तास जुनी ठरते. उलट भारतीय वेळेनुसार लिहिलेले १२:०० यूटीसी मानले गेले, तर ती घटना सायंकाळी साडेपाचला, म्हणजे भविष्यकाळात, जाऊन बसते. दोन्ही प्रसंगी 'गेली १५ मिनिटे' ही मुदत लावलेल्या पॅनलावर शून्यच उमटणार, जरी नोंद दप्तरात सुरक्षित असली तरी. म्हणून मुदत मागे आणि पुढेही वाढवून पाहावी व दोन्ही काळांतील अंतर मोजावे. ते १९,८०० सेकंदांच्या आसपास स्थिर आढळले, तर कालविभागाच्या चुकीचा संशय जवळजवळ निश्चित मानावा.

गैरसमज २ : डॅशबोर्ड एकच, तेव्हा सर्वांना उत्तरही एकच दिसले पाहिजे.

वस्तुस्थिती : पॅनलमधला शोध सामान्यतः पाहणाऱ्याच्या अधिकारात चालतो. कोणते इंडेक्स, म्हणजे नोंदी साठवण्याचे कप्पे, पाहण्याची मुभा आहे, इंडेक्सचे नाव न दिल्यास कोणते आपोआप शोधले जातात, आणि कोणत्या नोंदी गाळल्या जातात, हे त्याला नेमून दिलेल्या भूमिकेवरून (रोल) ठरते. नोंदीतून फील्ड, म्हणजे नाव दिलेले मूल्य, काढण्याचा एखादा नियम लिहिणाऱ्याने खाजगीच ठेवला असेल, तर त्याच्या पडद्यावर भरलेला तक्ता सहकाऱ्याच्या पडद्यावर रिकामा राहतो. शिवाय कालविभाग प्रत्येकाच्या पसंतीनुसार असल्यामुळे पुण्यातल्या माणसाचा 'आज' आणि लंडनमधल्या माणसाचा 'आज' एकाच क्षणी सुरू होत नाही.

गैरसमज ३ : शोध पूर्ण झाला, म्हणजे उत्तरही पूर्ण आहे.

वस्तुस्थिती : हा गैरसमज सर्वांत घातक होय, कारण येथे पडदा रिकामा नसतो, तर विश्वासार्ह दिसणाऱ्या अपुऱ्या आकड्यांनी भरलेला असतो. मूळ सेटिंगनुसार सबसर्च, म्हणजे मुख्य शोधाच्या पोटात चालणारा शोध, १०,००० निकालांवर किंवा ६० सेकंदांवर थांबते. दोन शोधांचे निकाल जोडणाऱ्या जॉइन आज्ञेतील सबसर्चची मर्यादा ५०,००० ओळींची असते. अनेक पॅनलांसाठी एकच पायाभूत शोध वापरला आणि त्यात स्टॅट्ससारखी गोषवारा काढणारी आज्ञा नसेल, तर पहिल्या ५,००,००० नोंदींपलीकडचे सर्व काही विनातक्रार वगळले जाते. काळानुसार आलेख काढणारा टाइमचार्ट दहा मालिका दाखवून उरलेल्या 'अदर' या नावाखाली एकत्र करतो. तो निदान तसे सांगतो तरी. म्हणून एखादा आकडा या मर्यादांच्या जवळ घुटमळत असेल, तर त्याच्यावर निर्णय घेण्यापूर्वी तोच शोध लहान मुदतींत विभागून चालवून बेरीज ताडून पाहावी.

गैरसमज ४ : 'अमुक नव्हे' ही अट कशीही लिहिली तरी अर्थ एकच.

वस्तुस्थिती : 'स्टेटस != २००' असे लिहिल्यास, ज्यांत स्टेटस हे फील्ड आहे आणि त्याचे मूल्य २०० नाही, तेवढ्याच नोंदी येतात; 'नॉट स्टेटस=२००' असे लिहिल्यास, ज्यांत ते फील्डच नाही अशाही येतात. स्टेटस लिहिले जाण्यापूर्वीच खंडित झालेली विनंती तपासात बहुधा सर्वाधिक महत्त्वाची असते, आणि पहिल्या अटीतून नेमकी तीच निसटते. स्टॅट्सने एखाद्या फील्डनुसार वर्गवारी केली असता ते फील्ड नसलेल्या नोंदीही अशाच गळतात. सर्च आज्ञा मूल्यांतील लहान-मोठी रोमन अक्षरे एकच मानते, व्हेअर आज्ञा मात्र ती भिन्न मानते.

गैरसमज ५ : डॅशबोर्ड मंद आहे, तेव्हा सर्व्हर मोठा घ्यावा.

वस्तुस्थिती : पायाभूत शोध सामायिक नसल्यास प्रत्येक पॅनल स्वतंत्र शोध चालवते, आणि एका वेळी किती शोध चालावेत याला मर्यादा आहे. मूळ सेटिंगनुसार ही मर्यादा म्हणजे प्रोसेसरच्या कोअरांची संख्या अधिक ६. सोळा कोअरांच्या एका सर्च हेडवर, म्हणजे शोध चालवणाऱ्या सर्व्हरवर, ती २२ होते. बारा पॅनलांचा डॅशबोर्ड दोघांनी एकदम उघडला, की २४ शोध निर्माण होतात व जादा शोध रांगेत तिष्ठतात. चाललेल्या शोधाचा तपशील दाखवणारा जॉब इन्स्पेक्टर उघडून तपासलेल्या नोंदी आणि हाती आलेल्या नोंदी यांची तुलना करावी. लक्षावधी तपासून मूठभर हाती येत असतील, तर इंडेक्सचे नाव पहिल्याच ओळीत द्यावे, मुदत आखडावी आणि शब्दाच्या आरंभीचे * चिन्ह टाळावे, कारण त्यामुळे अनुक्रमणिकेचा उपयोगच उरत नाही. वारंवार पाहिल्या जाणाऱ्या पॅनलांना नियोजित अहवालाचे तयार उत्तर पुरवणे हा उपाय नव्या यंत्रापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो.

तेव्हा यंत्राविरुद्ध फिर्याद नोंदवण्यापूर्वी मुदत, अखत्यार आणि मर्यादा या तीन गोष्टींची याच क्रमाने चौकशी करावी, आणि त्या निर्दोष ठरल्यानंतरच यंत्राला जाब विचारावा.