सोनेरी महालापुढचं गाणं

मैत्रिणींनो, शास्त्रीय गाणं म्हटलं की आपण चटकन म्हणतो, "ते आपल्याला कुठलं कळायला!" शिवाय मैफलीची वेळ नेमकी स्वयंपाकाची. मग हिंगोलीहून छत्रपती संभाजीनगरला जायचं कुणी? तरीही वेरूळ-अजिंठा महोत्सव भरेल तेव्हा एकदा जाच. बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर २०२३ च्या फेब्रुवारीत तो सोनेरी महालाच्या प्रांगणात पुन्हा भरला.

डोंगराच्या पायथ्याचा हा महाल मोगल काळात एका बुंदेला सरदाराने बांधला. भिंतींवर सोन्याच्या पाण्याने चित्रे काढली होती, म्हणून हे नाव. आता तिथे वस्तुसंग्रहालय आहे, तेही दिवसा पाहून घ्या.

फेब्रुवारीअखेर दिवसा ऊन, रात्री गारवा. उघड्यावर हवा पालटली की तबल्याच्या कातड्याचा ताण बदलतो, तानपुऱ्याच्या तारा सुरातून हलतात. दमट हवेत पापड मऊ पडतो ना, तसंच! म्हणून हातोडीची ठकठक सुरू झाली की कंटाळू नका.

रागांनाही वेळा असतात. दिवेलागणीला मारवा, मग यमन, रात्र चढल्यावर मालकंस. यात अवघड ते काय? जात्यावरची ओवी पहाटेची आणि अंगाई रात्रीची, हे आपल्याला कुणी शिकवलं होतं?

शाल आणि दशम्या बरोबर घ्या. सासूबाईंना न्या, मुलींना तर न्याच. त्या तरी पुढे "मला कळत नाही" म्हणायच्या नाहीत. आणि त्या रात्रीचं पिठलं-भात घरातल्या पुरुषांना करू द्या!