खामगावची चांदी आणि संगणकाचं भाकीत

पिंपळगाव राजात लग्न ठरलं की चांदीसाठी पाय खामगावकडे वळतात. तालुक्याचं ठिकाण तर ते आहेच, पण तिथली चांदी शुद्धतेसाठी लांबवर नावाजलेली. 'रजतनगरी' म्हणतात ते उगीच नाही. भौतिकशास्त्रज्ञांना मात्र चांदीत टेल्युरियम मिसळलं की जास्त रस वाटतो. सराफ त्याला भेसळ म्हणेल, रसायनशास्त्रज्ञ संयुग.

१९९७ मध्ये या सिल्व्हर टेल्युराइडने कोडं घातलं. त्यात चांदी किंचित जास्त ठेवून चुंबकीय क्षेत्र वाढवत नेलं, तर विद्युतरोध सरळ रेषेत वाढतच राहिला, थांबेना. एरवी अचुंबकीय पदार्थात हा परिणाम किरकोळ असतो. पुढच्याच वर्षी अलेक्सी अब्रिकोसोव्ह यांनी उपपत्ती मांडली: इथल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा संवेगाच्या सरळ प्रमाणात वाढत असावी. असावी, पण का?

उत्तर २०११ मध्ये चिनी संशोधकांच्या संगणकातून आलं. स्फटिकात कोणता अणू कुठे बसलाय, एवढीच माहिती घेऊन वॉल्टर कोन यांच्या पद्धतीने गणित करायचं: एकेका इलेक्ट्रॉनच्या मागे न धावता त्यांच्या घनतेचा हिशेब. मग संवेगाच्या नकाशावरच्या आठ खास बिंदूंवर पाहायचं, की स्फटिक केंद्राभोवती उलटवला तर इलेक्ट्रॉन-लहरीचं चिन्ह बदलतं का. इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या ऊर्जापट्ट्यांतल्या जोड्यांमागे एकेक चिन्ह घेऊन सगळ्यांचा गुणाकार उणे एक आला, तर पदार्थ टोपोलॉजिकल. जड काम सगळं आधीचं; शेवटचा गुणाकार शाळकरी पोरही करील.

इथे तो उणे एक आला. म्हणजे आत विद्युतरोधक, पृष्ठभागावर वाहक, आणि पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन अब्रिकोसोव्ह म्हणाले तसेच: ऊर्जा संवेगाच्या सरळ प्रमाणात. हा गुण छोट्यामोठ्या दोषांनी पुसला जात नाही; वाळा ठोकून कितीही वेडावाकडा करा, त्याचं भोक जात नाही. शिवाय पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनांचा वेग दिशेनुसार दहापट बदलतो, असंही गणित सांगत होतं.

२०२२ मध्ये अशाच पद्धतीने ३८ हजारांहून अधिक ज्ञात पदार्थ चाळले गेले, आणि निम्म्याहून थोडे जास्त टोपोलॉजिकल निघाले. दुर्मीळ समजलेला गुण इतका सर्रास! पण माझ्या मते ही संशयितांची यादी आहे, निकालपत्र नव्हे. कोन यांच्या पद्धतीच्या नेहमीच्या रूपात ऊर्जापट्ट्यांमधली फट खऱ्यापेक्षा अरुंद दिसते, आणि सिल्व्हर टेल्युराइडमध्ये ती मुळातच चिंचोळी. त्यामुळे प्रत्यक्ष मोजमाप टाळता येत नाही. २०१३ मध्ये त्याच्या अतिसूक्ष्म नमुन्यांवर ते झालं, आणि पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनांच्या खुणा मिळाल्या.