पुढचा ॲक्सल हलतोय? आधी पिन बघा!

अमेरिकेतल्या जुन्या गार्डन ट्रॅक्टरांना पुन्हा जिवंत करणारे व्हिडिओ बघत तुम्ही रात्री जागवता का? मग १९६१ मध्ये आलेला कब कॅडेट किंवा १९६३ चा जॉन डिअर ११० तुमच्या ओळखीचे असतील. घरामागचं गवत कापायला बनलेली ही पिटुकली यंत्रं आता साठीपार गेलीयत. त्यांचं एक हमखास दुखणं म्हणजे ढिला झालेला पुढचा ॲक्सल. आपल्याकडे द्राक्षबागेत राबणाऱ्या जुन्या छोट्या ट्रॅक्टरलाही तेच होतं. म्हणजे सुट्टीत गावी गेलात की हे ज्ञान वापरता येईल.

लक्षणं सोपी आहेत. स्टिअरिंग सरळ धरलं तरी ट्रॅक्टरचं नाक भटकतं, खड्डा आला की पुढून ‘खट्’ असा आवाज येतो. शेतात हे खपून जातं. पण मागे भरलेली ट्रॉली आणि समोर उतार असेल तर? म्हणून ‘चालतंय की’ म्हणणाऱ्या काकांचं इथे ऐकू नका.

पुढचा ॲक्सल मधोमध एका जाड पिनवर तराजूच्या दांडीसारखा झुलतो. एक चाक ढेकळावर चढलं तरी दुसरं जमीन सोडत नाही. या सेंटर पिनभोवती बऱ्याचदा मऊ धातूचा बुश असतो. झिजायचं ते त्यानेच, महाग ॲक्सलने नाही! पण ग्रीस वेळेवर मिळालं नाही आणि धूळ आत गेली, की पिनही खाल्ली जाते आणि भोक अंड्याच्या आकाराचं होतं.

खोलण्याआधी ढिलेपणा नेमका कुठे आहे ते शोधा. मागच्या चाकांना दगड लावा. जॅक ॲक्सलखाली नको, मागे बॉडीखाली लावा आणि भक्कम लाकडी ठोकळे द्या. नुसत्या जॅकवर उभ्या ट्रॅक्टरखाली हात घालायचा नाही, म्हणजे नाहीच. आता चाक वर-खाली धरून हलवा. फक्त चाक हललं तर बेअरिंग किंवा किंग पिन. डावी-उजवीकडे हललं तर टाय रॉडची टोकं. अख्खा ॲक्सलच पुढे-मागे किंवा वर-खाली सरकला, तर गुन्हेगार मधली पिन.

इथे कुणीतरी सल्ला देणारच, ‘वेल्डिंग मारून टाक!’ अजिबात नको. ॲक्सलचं झुलणं बंद झालं की खड्ड्यातला पीळ थेट बॉडीवर येतो, आणि ओतीव लोखंड वाकत नाही, तडकतं. पत्र्याची पट्टी गुंडाळणं म्हणजे चार दिवसांची मलमपट्टी.

खरं काम तालुक्याच्या लेथवर होतं. पिन काढून व्हर्नियरने तीन-चार जागी मोजा. झिजली असेल तर नवी करून घ्या. अंडाकृती भोक बोअर करून गोल करायचं आणि त्यात गनमेटलचा बुश बसवायचा. मेकॅनिकलवाल्यांनो, वर्गात झोप आणणारा ‘फिट्स’चा धडा तो हाच. बुश बाहेरून घट्ट, आत पिनला मात्र साधारण एक-दोन दशांश मिलिमीटर मोकळीक. गंमत म्हणजे बुश दाबून बसवला की त्याचं आतलं भोक किंचित आवळतं, म्हणून शेवटचा रीमर बसवल्यानंतरच मारायचा. घाईतला लेथवाला नेमकं हेच विसरतो, तुम्ही शेजारी उभे राहा. ग्रीसचं भोक निप्पलसमोर येतंय ना, तेही तपासा. पुढे-मागे फट उरलीच तर योग्य जाडीचं वायसर टाका.

आणि ग्रीस मारताना पुढची बाजू उचलून मारा. चाकं जमिनीवर असताना ट्रॅक्टरचं वजन पिनला बुशच्या खालच्या बाजूवर दाबून धरतं. सगळ्यात जास्त झीज तिथेच होते, आणि ग्रीस नेमकं तिथेच पोचत नाही.