नावाची मोकळी जागा

यंदा मी कुलमंडळाची सभासद झाले, स्वतःच्या नावाने वर्गणी भरून. "तुला काय गं वंशावळीचं?" हे हसले. कोकणात घराण्याघराण्यांचे जाडजूड कुलवृत्तान्त असतात, तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्यात आजेसासऱ्यांवर अर्धं पान, आजेसासूबाईंचं मात्र फक्त सासरचं नाव. लग्नात तांदळांत लिहिलेलं! १ मे २०२४पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर आईचंही नाव आलं. पण या जुन्या बायकांचं काय? रत्नागिरीतच राहणाऱ्या, नव्वदीच्या आतेसासूबाईंना गाठलं.

"आईचं माहेर पावस. नाव? अगो, सगळी तिला काकीच म्हणायची. मीसुद्धा कधी विचारलं नाही."

त्या गप्पच झाल्या. मी लिहिलं, 'माहेर : पावस'. नावाची जागा मोकळी ठेवलीय. रविवारी तिच्या भावाच्या घरी जाणार आहे. आतेसासूबाई म्हणाल्या, "मलाही ने."