पेठांतील वाड्यांचा पुनर्विकास : हक्क आणि आठवणी

पुण्याच्या कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव, नाना आदी पेठांतील जुने वाडे एकामागून एक नाहीसे होत असून त्यांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहत आहेत. आपल्या समाजाचेही या पेठांशी जुने नाते आहे. नाना पेठेतील सिटी चर्च १७९२ साली सवाई माधवराव पेशवे यांनी दिलेल्या जागेवर स्थापन झाले. म्हणूनच वाड्यांच्या पुनर्विकासाचा प्रश्न समजून घेणे अगत्याचे आहे.

वाडा आणि बिऱ्हाडकरू

दगडी जोते, सागवानी खांब व तुळया, विटामातीच्या भिंती आणि मधोमध उघडा चौक ही वाड्याची सर्वसाधारण रचना. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून नळाने पाणी आणले आणि ते पेठांतील हौदांत खेळू लागले. प्रारंभी एकाच कुटुंबाचे असलेले वाडे पुढे शहराची वस्ती वाढली तसे खोल्याखोल्यांनी भाड्याने दिले गेले. एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे नांदू लागली.

वाडे मोडकळीस का आले?

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले व नदीकाठच्या पेठांतील अनेक वाडे पुरात कोसळले. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर येथे वसाहती झाल्या आणि शेजारी विखुरले गेले.

जे वाडे वाचले त्यांना दुसऱ्या कारणाने घरघर लागली. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली गेली. भाडेकरूंना संरक्षण मिळाले. परंतु त्या भाड्यात छप्पर शाकारणेही मालकाला परवडेना. १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली, पण मूळ रक्कमच इतकी अल्प होती की त्याने फारसे साधले नाही. त्यात वारसांची संख्या वाढलेली व दावे न्यायालयात. शनिवारवाड्याच्या परिसरात आणखी एक अडचण आहे : २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामास मनाई असून दुरुस्तीसाठीही परवानगी लागते. परिणामी तेथील रहिवासी जीर्ण भिंतींच्या आधाराने दिवस काढतात.

भाडेकरूचा हक्क

पावसाळ्यापूर्वी महानगरपालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. नोटीस आली म्हणजे आपला हक्क संपला, असा अनेक वृद्धांचा समज होतो. तो बरोबर नाही. महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली निर्णय दिला की, इमारत पाडली गेली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपुष्टात येत नाही. वाडा पाडून नवीन इमारत बांधावयाची असल्यास १९९९ चा कायदाही भाडेकरूला नव्या इमारतीत जागा मागण्याचा अधिकार देतो. मात्र मागणी लेखी व विहित मुदतीत करावी लागते. भाडेपावत्या, वीजबिले, शिधापत्रिका जपून ठेवाव्यात आणि नोंदणीकृत करार झाल्याखेरीज ताबा सोडू नये. धोकादायक घर रिकामे करणे भाग पडल्यास महापालिकेची नोटीस व आपल्या जागेची मोजमापे हाती असावीत.

मालकाचीही बाजू आहे. वर्षानुवर्षे तुटपुंजे भाडे घेऊन वाडा सांभाळणाऱ्याला सरसकट दोषी ठरविणे न्यायाचे होणार नाही. दोघांच्याही हिताचा करार हाच श्रेयस्कर मार्ग होय.

आठवणींचे काय?

वाडा सोडून गेलेली माणसे चौकाविषयीच अधिक बोलतात : दिवाळीतील मातीचा किल्ला, भोंडला, लग्नाची पंगत, नळावरची भांडणे आणि रात्री कोणी आजारी पडले की जागा होणारा सारा वाडा. सामायिक शौचालये, पाण्याची रांग, गळके छत यांच्या आठवणीही तितक्याच खऱ्या आहेत. सर्वच वाड्यांचे दरवाजे सर्व जातिधर्मांच्या माणसांना उघडे नव्हते, हेही विसरता येणार नाही. स्वतंत्र न्हाणीघर आणि पक्के छत ही गरज आहे, चैन नव्हे.

तथापि करारात मोजणी होते ती चटईक्षेत्राची. चौक कोणाच्याच नावे नसतो, म्हणून तो हिशेबात येत नाही. एकटी राहणारी वृद्ध भगिनी नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर जाते, तेव्हा तिला हक्काची जागा मिळते. पण दार उघडे दिसले नाही म्हणून चौकशी करणारा शेजार मिळेलच असे नाही.

यावर काही उपाय आपल्या हाती आहेत. करार करतानाच तळमजल्यावर सर्वांना बसता येईल अशी जागा मागावी. इमारतीला वाड्याचे जुने नाव राहू द्यावे. वाडा पाडण्यापूर्वी त्याची छायाचित्रे काढून ज्येष्ठांच्या आठवणी लिहून ठेवाव्यात. आणि आपल्या धर्मग्रामातील जे वृद्ध तात्पुरत्या भाड्याच्या घरात नव्या इमारतीची वाट पाहत आहेत, त्यांचे नवीन पत्ते विचारून घेऊन त्यांना आवर्जून भेटावे. बांधकाम अनेकदा वर्षानुवर्षे लांबते आणि त्यांच्या हाती तेवढा काळ असेलच असे नाही.