बंदुकीवर नियंत्रण : कोणता उपाय खरोखर लागू पडतो?

१६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी फिरून घरी परतत होते. त्या वेळी मोटारसायकलवरून आलेल्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. २० फेब्रुवारीला पानसरे यांचे निधन झाले. त्याआधी दीड वर्ष, २० ऑगस्ट २०१३ रोजी, पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा असाच खून झाला होता.

असे काही घडले की 'बंदुकांवर कडक नियंत्रण हवे' ही मागणी पुढे येते. मागणी रास्तच आहे. पण कडक म्हणजे नेमके काय करायचे? आणि त्याने हिंसा कमी झाली, हे ओळखायचे कसे? हे प्रश्न विज्ञानाच्या पद्धतीने तपासता येतात.

आधी बंदूक कोणती ते पाहू

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. परवान्याआधी पोलीस चौकशी होते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळच्या परवानाधारक बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. गव्यांपासून किंवा रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी एखाद्या शेतकऱ्याने घेतलेल्या बंदुकीची नोंद सरकारदरबारी असते. निवडणुका आल्या की अशा बंदुका छाननी करून जमाही करून घेतल्या जातात.

पानसरे आणि दाभोलकर यांच्या खुनांत मात्र ७.६५ मिलिमीटरची देशी पिस्तुले वापरल्याचे तपासात पुढे आले. अशा शस्त्राची नोंद कुठल्याच वहीत नसते. देशात बंदुकीने होणाऱ्या बहुसंख्य खुनांत शस्त्र बिनपरवानाच असते. तेव्हा तिसरी परवानाधारक बंदूक काढून घेण्याने या खुनांवर फारसा परिणाम होण्याची अपेक्षा धरता येत नाही.

म्हणून परवानापद्धती निरुपयोगी ठरते का? मुळीच नाही. घरोघरी बंदुका नसल्यामुळे आपल्याकडचे बहुतेक घरगुती तंटे गोळीपर्यंत जात नाहीत. पण न घडलेली घटना दिसत नाही, म्हणून या उपायाचे श्रेय आपल्या ध्यानात येत नाही.

परिणाम मोजायचा कसा?

ऑस्ट्रेलियात १९९६ साली पोर्ट आर्थर येथे एका माणसाने ३५ जणांना ठार केले. त्यानंतर सरकारने सुमारे साडेसहा लाख बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या. आधीच्या १८ वर्षांत सामूहिक गोळीबाराच्या १३ घटना घडल्या होत्या. पुढची वीसहून अधिक वर्षे त्या तोडीची घटना घडली नाही. मात्र बंदुकीने होणारे खून १९९६ च्या आधीपासूनच घटत होते. त्यामुळे त्या घटीतला किती वाटा कायद्याचा, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत.

इस्रायलचे उदाहरण अधिक स्पष्ट आहे. २००६ मध्ये तिथल्या लष्कराने सुट्टीला घरी जाणाऱ्या तरुण सैनिकांना शस्त्र तळावरच ठेवायला लावले. त्यांच्यातील आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. ही घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली होती. इतर दिवसांत लक्षणीय फरक पडला नाही. म्हणजे तुलनेसाठीचा गट आपोआप हाती आला. प्रयोगशाळेत आपण एक परीक्षानळी तशीच ठेवतो, त्यातलाच हा प्रकार.

काडतूस हा नाजूक दुवा

आता बिनपरवाना शस्त्राकडे वळू. गावठी कट्टा साध्या कारखान्यात, लेथ आणि कानशीवर तयार होतो. बिहारमधील मुंगेर, तसेच जळगाव जिल्ह्याच्या सीमेलगतचे मध्य प्रदेशातील उमर्टी ही नावे पोलीस कारवायांत वारंवार येतात. एक अड्डा मोडला तर दुसरा उभा राहू शकतो.

काडतुसाचे तसे नाही. नेमक्या मापाची पितळी पुंगळी, तिच्या तळाशी आघाताने पेटणारे रसायन, ठरावीक वेगाने जळणारी दारू आणि गोळी या चारही गोष्टी अचूक जमाव्या लागतात. त्यामुळे चांगली काडतुसे बहुधा कारखान्यातूनच येतात. आपल्या राज्यात खडकी आणि वरणगाव येथे दारूगोळ्याचे सरकारी कारखाने आहेत. ७.६५ मिलिमीटर हे परवानाधारकांना मिळू शकणाऱ्या पिस्तुलाचेही माप आहे. म्हणजे पिस्तूल बेकायदा असले तरी काडतूस मुळात कायदेशीर साखळीतून निसटलेले असू शकते. ही गळती शोधायची तर प्रत्येक विक्रीची नोंद, रिकाम्या पुंगळ्यांचा हिशेब आणि दुकानांची अचानक तपासणी उपयोगी पडेल.

२०१९ च्या दुरुस्तीत बेकायदा शस्त्रे बनवण्या-विकण्यासाठी किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. पण शिक्षेच्या लांबीपेक्षा पकडले जाण्याची खात्री माणसाला अधिक रोखते, असे गुन्हेशास्त्रातले अभ्यास सांगतात. घटनास्थळी मिळालेल्या पुंगळीवरील आघातपिनेच्या खुणा सूक्ष्मदर्शकाखाली जुळवून दोन गुन्ह्यांतले शस्त्र एकच आहे का, हे पाहता येते. त्या खुणांचा सर्व राज्यांना वापरता येईल असा साठा आणि वेळेत मिळणारे अहवाल ही खात्री वाढवतील.

वर्गासाठी

विद्यार्थ्यांना कोणताही एक उपाय निवडायला सांगावा. अगदी हेल्मेटची सक्तीही चालेल. मग तीन प्रश्न विचारावेत. हा उपाय नेमक्या कोणत्या घटनांना लागू पडतो? तो नसता तर काय घडले असते? आणि तुलना कशाशी करायची? मतभेद राहतीलच, पण वाद कशाबद्दल आहे, हे तरी मुलांना नीट मांडता येईल.