हात ऐकत का नाही?

गेल्या वर्षी आण्णांना अर्धांगवायू झाला. आई रोज त्यांचा लुळा हात उचलून व्यायाम देते. "मनात येतं, पण हात ऐकत नाही," असे ते म्हणतात. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. उत्तर शोधणे मलाच आले.

मेंदूची आज्ञा स्नायूपर्यंत पोहोचली की तेथे सूक्ष्म वीज उमटते. कातडीवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडच्या चकत्या ती टिपतात. ती असते फार तर काही मिलिव्होल्ट; बॅटरीचा साधा सेल मात्र १५०० मिलिव्होल्टचा! संगणक हा संकेत वाढवतो, गाळतो आणि हाताला बांधलेल्या यंत्राची मोटर त्या प्रमाणात फिरवतो. रोग्याने प्रयत्न केला तरच यंत्र साथ देते. घाम आला, चकती सरकली, तरी संकेत बदलतो; आणि संकेतच नसेल तर यंत्रही हतबल.

परवा आण्णांच्या दंडावर बोटे ठेवून मी म्हटले, "उचला." हात हलला नाही, पण बोटांखाली स्नायू किंचित ताठरला. यंत्र आमच्या ऐपतीबाहेरचे आहे. मात्र आता हात उचलण्यापूर्वी आई क्षणभर थांबते. आधी आण्णा प्रयत्न करतात, मग ती साथ देते.